शेजारणीचं रीडिंग

पत्र: मॅडम, मी निफाड तालुक्यातली. घरी द्राक्षबाग आहे. दहावीपर्यंत मराठी शाळा, अकरावी-बारावीला पीसीबी, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी; गणित सोडलं होतं. मेडिकलसाठी नीट परीक्षा दोनदा दिली, मार्क कमी पडले. मग नाशिकला बीएस्सीला प्रवेश घेतला, मुख्य विषय केमिस्ट्री. आता दुसरं वर्ष चालू आहे. रोज एसटीने येऊन-जाऊन करते. पहिल्या वर्षाची फिजिकल केमिस्ट्री राहिली आहे. ऑरगॅनिक पाठ करते, आदल्या रात्रीपर्यंत सगळं येतं आणि पेपरात हात थांबतो. प्रॅक्टिकलला चौघींत एक सेट असतो, मी बहुतेक वेळा शेजारणीचं रीडिंग उतरवून घेते. सर इंग्रजीत शिकवतात, विचारायची भीती वाटते. चुलतभाऊ म्हणतो, केमिस्ट्रीला स्कोप नाही, सोड आणि बीए करून एमपीएससीला लाग. पप्पा काही बोलत नाहीत, पण यंदा बागेचंही काही खरं नाही. मी केमिस्ट्री सोडू का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर:

एमपीएससीचं आधी निकालात काढू. राज्यसेवेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. बीए झालेली मुलगी जो अर्ज भरते तोच बीएस्सी झालेली भरते. त्यासाठी हातातलं दीड वर्ष पाण्यात घालून पुन्हा पहिल्या वर्षाला बसायचं, यात मला काहीच अर्थ दिसत नाही. भावाने काळजीपोटीच सांगितलं असेल, पण हा सल्ला घेऊ नकोस.

केमिस्ट्री सोडायची का, हा प्रश्न वेगळा आहे. त्याचं उत्तर आज तुलाही देता येणार नाही आणि मलाही नाही, कारण तू अजून केमिस्ट्री केलेलीच नाहीस. हे तुला टोचायला म्हणत नाही. राहिलेला विषय, विसरणारं ऑरगॅनिक, इंग्रजीची धास्ती असं बरंच तू लिहिलंस, आणि मधेच सहज लिहून गेलीस की रीडिंग शेजारणीचं असतं. माझ्या मते दुखणं तिथे आहे. बाकीच्यांचा इलाजही तिथूनच सुरू होतो.

मी नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला बरीच वर्षं काढली. पहिल्याच महिन्यातली गोष्ट आहे. एका नमुन्याची तीन टायट्रेशनं करायची होती, म्हणजे ब्युरेट या उभ्या मोजनळीतून थेंबाथेंबाने द्रावण सोडायचं आणि रंग पालटेपर्यंत किती लागलं ते मोजायचं. दोन जुळली, तिसरं ०.४ मिलीने जास्त आलं. मी तिन्ही आकडे एका चिठ्ठीवर लिहिले होते. विचार केला, तिसरं पुन्हा करू आणि मग शीटवर स्वच्छ अक्षरात उतरवू. चिठ्ठी चुरगळून टोपलीत टाकली. आमचे सीनियर मागे उभे होते. त्यांनी ती चिठ्ठी टोपलीतून काढली, टेबलावर हाताने सरळ केली आणि म्हणाले, "हाच खरा कागद आहे. यावर सही कर, तारीख टाक." मग मला ब्युरेटपाशी नेलं. तोटीच्या खालच्या टोकात हवेचा एक बुडबुडा अडकलेला असायचा, तो तिसऱ्या वेळी निघून गेला होता. बुडबुड्याची जागा द्रावणाने भरली, ते द्रावण फ्लास्कमध्ये पडलंच नाही, पण रीडिंगमध्ये मोजलं गेलं. माझा 'चुकलेला' आकडा बुडबुड्याबद्दल खरं तेच सांगत होता.

औषध कंपन्यांत आजही हाच नियम आहे. रीडिंग घेतलं त्याच क्षणी, ठरलेल्या वहीत लिहायचं. चूक झाली तर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. व्हाइटनर चालत नाही. आणि कॉलेजात आपण नेमकं उलटं शिकतो: आधी पेन्सिलीने, मग शेजारच्या बॅचशी जुळवून, मग जर्नलमध्ये सुंदर अक्षरात.

रीडिंग उतरवताना काय निसटतं, ते एका प्रॅक्टिकलवरून सांगते. पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक अॅसिडचं टायट्रेशन तू केलं असशील, निदान जर्नलमध्ये तरी. परमँगनेट म्हणजे विहिरीत टाकतात तेच जांभळे खडे. फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक अॅसिड, त्यात विरल सल्फ्युरिक, आणि फ्लास्क ६०-७० अंशांपर्यंत तापवलेला, मान धरली तर चटका बसेल इतका. ब्युरेटमधून पहिला थेंब पडतो आणि गुलाबी रंग जाता जात नाही. आपण फ्लास्क फिरवत राहतो. वाटतं, काहीतरी चुकलं. मग तो रंग हळूहळू विरतो. दुसरा थेंब थोडा लवकर विरतो. आठ-दहा थेंबांनंतर तर थेंब पडायचा अवकाश, रंग गेलाच.

का? परमँगनेटमधल्या मँगनीजचं क्षपण होऊन जो मँगनीज आयन तयार होतो, तोच या अभिक्रियेचा उत्प्रेरक आहे. सुरुवातीला तो नसतो म्हणून अभिक्रिया रेंगाळते. थोडा तयार झाला की ती स्वतःच स्वतःला पळवते. कायनेटिक्सच्या, म्हणजे अभिक्रियेच्या वेगाच्या, धड्यात याला ऑटोकॅटॅलिसिस म्हणतात आणि तिथे ती दोन ओळींची व्याख्या असते. तू ती पाठ केली असशील आणि विसरलीही असशील. पण रेंगाळलेला पहिला थेंब स्वतःच्या हातात पाहिला असतास तर ती व्याख्या पुसली गेली नसती. रीडिंग उतरवलं की १२.४ हा आकडा मिळतो, थेंब मिळत नाही.

त्याच फ्लास्कमध्ये आणखीही बरंच दडलेलं आहे. सल्फ्युरिकच का, हायड्रोक्लोरिक का नाही? कारण परमँगनेट त्यातल्या क्लोराइडलाही ऑक्सिडाइज करतं आणि आपलं रीडिंग फुकट वाढतं. नायट्रिक का नाही? ते स्वतःच ऑक्सिडीकारक आहे. अॅसिड कमी पडलं तर? द्रावण तपकिरी, गढूळ होतं, तो मँगनीज डायऑक्साइडचा अवक्षेप. एकदा परीक्षानळीत मुद्दाम अॅसिड न घालता करून बघ, सरांना विचारून. आणि परमँगनेट इतकं गडद असतं की खालचा मेनिस्कस, म्हणजे द्रावणाच्या पृष्ठभागाचा खोलगट तळ, दिसतच नाही, म्हणून ब्युरेटवर वरची कड वाचायची. हे सगळे व्हायवाचे, म्हणजे तोंडी परीक्षेचे, प्रश्न आहेत, पण तू त्यांची उत्तरं पाठ करायची गरज नाही. अर्धा तास फ्लास्कपाशी उभी राहिलीस की ती आपोआप अंगी लागतात.

चौघींत एक सेट ही अडचण खरी आहे. पण टायट्रेशनची तीन रीडिंगं घ्यायची असतात आणि एक पायलट, म्हणजे आधीचं अंदाजाचं. चौघींनी एकेक घ्या. तुझ्या वाट्याला आलेलं रीडिंग बाकीच्यांपेक्षा वेगळं आलं तर ते बदलू नकोस, तसंच लिही आणि सरांकडे जा. "सर, माझं ०.३ ने जास्त येतंय, कशामुळे असेल?" एवढं मराठीतच विचार. ज्या शिक्षकाला विषयाची आवड आहे, त्याला या प्रश्नाने बरंच वाटेल. आणि प्रॅक्टिकलला ओढणी घरी ठेव किंवा बॅगेत, केस बांध, चष्मा लाव. कॉस्टिक सोड्याचा शिंतोडा डोळ्यात गेला तर तो अॅसिडपेक्षाही खोल जातो. हे मी पाहिलेलं आहे.

आता तुझ्या बागेकडे येते, कारण तू लिहिलंस की केमिस्ट्री 'आपली वाटत नाही'. असं शब्दशः लिहिलं नाहीस, पण पत्रात तेच आहे.

तुझ्या पप्पांनी केवड्यासाठी, म्हणजे डाऊनी या रोगासाठी, बोर्डो मिश्रण मारलेलं तू लहानपणापासून पाहिलं असशील. एक टक्क्याचं करायचं तर एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद वेगळ्या प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये, चुना वेगळ्या ड्रममध्ये, मग दोन्ही एकत्र. आणि फवारणीआधी अनुभवी शेतकरी काय करतो? विळ्याचं किंवा चाकूचं पातं त्या निळ्या पाण्यात बुडवून वर काढतो. पात्यावर तांबूस थर चढला तर म्हणतो, "अजून चुना पाहिजे." पातं स्वच्छ निघालं तर पंप चालू.

हे प्रॅक्टिकलच आहे. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. चुन्याने त्यातलं तांबं बांधलं गेलं नाही, तर मोकळे तांब्याचे आयन पानं जाळतात. ते मोकळे आहेत का, हे लोखंडाचं पातं सांगतं. लोखंड विरघळून द्रावणात जातं आणि त्याच्या जागी तांबं पात्यावर बसतं. दहावीच्या पुस्तकात तू याला विस्थापन अभिक्रिया म्हणालीस. आता कॉलेजात तीच गोष्ट इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत येते: तांब्याचं प्रमाण इलेक्ट्रोड विभव (स्टँडर्ड पोटेन्शियल) +०.३४ व्होल्ट, लोखंडाचं –०.४४, फरक ०.७८ व्होल्ट, धन आला, म्हणून अभिक्रिया आपणहून होते. फिजिकल केमिस्ट्रीचा जो धडा तुला परका वाटतो, तो तुमच्या बांधावर विळ्याच्या पात्यावर चढतो. फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या बागांत रस्त्याकडेच्या वेलींवर लोकांनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून मोरचूद-चुना शिंपडायचे. त्याच वेलींवर केवडा येत नाही हे मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं आणि १८८५ साली त्याने ते मिश्रण प्रसिद्ध केलं. त्यानेही आधी वेल पाहिली.

इंग्रजीबद्दल फार घाबरू नकोस. एक दोन रकान्यांची वही कर. डावीकडे सरांचा शब्द, उजवीकडे तुझ्या शाळेचा. रिडक्शन – क्षपण. प्रेसिपिटेट – अवक्षेप. डायल्यूट – विरल. कॅटॅलिस्ट – उत्प्रेरक. निम्मा विषय तुला मराठीत आधीच येतो, फक्त ओळख पटत नाहीये. पेपर इंग्रजीत लिहायचा असेल तर छोटी वाक्यं लिही. केमिस्ट्रीच्या पेपरात भाषेपेक्षा समीकरण आणि आकृती जास्त बोलते.

ऑरगॅनिकला हात थांबतो कारण तू अभिक्रिया नावांनी पाठ करतेस. नावं शंभर आहेत, कारणं मोजकी. कार्बोनिल गट घे, म्हणजे कार्बनला दुहेरी बंधाने जोडलेला ऑक्सिजन. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, म्हणून शेजारच्या कार्बनपाशी इलेक्ट्रॉनची तूट पडते. ज्याच्याकडे इलेक्ट्रॉन आहेत तो त्या कार्बनवर येतो. एवढं एक वाक्य हाताशी धरलंस की सायनोहायड्रिन, ग्रिन्यार, अॅल्डॉल, हेमिअॅसिटल हे चारही एकाच घरातले वाटतील. वाचू नकोस, काढ. कोरा कागद घे, पुस्तक मिटव, बाण काढ. बाण नेहमी इलेक्ट्रॉनकडून निघतो आणि तुटीकडे जातो, उलटा काढलास की तिथेच थांब. एसटीत लिहिता येत नाही, तेव्हा एकच अभिक्रिया डोळे मिटून मनात काढायची. निमाणीला उतरलीस की कागदावर तपासायची. रोज एक पुरे.

फिजिकलमध्ये मात्र तुझी अडचण केमिस्ट्रीची नाहीच, गणिताची आहे. बारावीला गणित नव्हतं, आणि इथे पहिल्याच प्रकरणात इंटिग्रेशन अंगावर आलं. याचा दोष स्वतःकडे घेऊ नकोस, पण भरपाई तुलाच करावी लागेल. सगळं गणित नको. लॉगॅरिदम, e चा घात, सरळ रेषेचा उतार, साधं डेरिव्हेटिव्ह आणि १/x चं इंटिग्रल. बारावीचं गणिताचं पुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. रोज अर्धा तास, तीन-चार आठवडे. क्लास लावायची गरज नाही.

मग पहिल्या कोटीच्या अभिक्रियेचं गणित बागेतल्या औषधावर करून बघ. समजा, फवारणीनंतर मण्यांवर औषधाचा अवशेष किलोला ३.२ मिलिग्रॅम आहे आणि दर पाच दिवसांनी तो निम्मा होतो. वीस दिवसांत चार वेळा निम्मा: १.६, ०.८, ०.४, ०.२. आता याचाच ln घेऊन दिवसांसमोर आलेख काढ, सरळ रेषा येईल, उतार म्हणजे –k. फवारणी आणि काढणी यांत अमुक दिवस अंतर ठेवा असं डब्यावर लिहिलेलं असतं, त्यामागे असंच मोजमाप असतं. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले होते, ते क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अवशेषांमुळे. तुमच्या गावात त्या वर्षाच्या आठवणी निघत असतील. ते सगळं प्रकरण किलोमागच्या मिलिग्रॅमचं होतं आणि प्रयोगशाळेतल्या यंत्रावर कुणीतरी ते मोजलेलं होतं.

जाता जाता: प्रत्येक आकड्यापुढे एकक लिही. R, म्हणजे वायू स्थिरांक, कधी ८.३१४ असतो, कधी ०.०८२१, आणि निम्म्या चुका तिथेच होतात. पेपर तपासताना मी हे इतक्यांदा पाहिलं आहे की आता चीड येत नाही, वाईट वाटतं.

स्कोपचं. खरं सांगते. नुसती बीएस्सी, तीही उतरवलेल्या जर्नलवर, घेऊन सातपूर, अंबड किंवा सिन्नरला गेलीस तर कंत्राटावर, शिफ्टमध्ये, थोड्या पगारात काम मिळेल. भाऊ म्हणतो ते इतपत बरोबर आहे. पण मी मुलाखती घेतल्या आहेत. पहिला प्रश्न ठरलेला असायचा: ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक अॅसिड एक लिटर कसं बनवशील? फर्स्ट क्लासची मुलं इथे अडायची. बाटलीतलं संहत अॅसिड साधारण १२ मोलर असतं, म्हणून साडेआठ मिलीच्या आसपास घ्यायचं, आधी पाणी मग अॅसिड, लिटरपर्यंत भरायचं, आणि त्यावर विसंबायचं नाही, सोडियम कार्बोनेटने त्याची नेमकी नॉर्मॅलिटी काढायची. हे शेवटचं वाक्य जो उमेदवार आपणहून बोलायचा, त्याला आम्ही बसवून घ्यायचो.

एमएस्सी केलीस तर दारं बरीच वाढतात. अवशेष तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, वाईनरीत काम आहे, अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या पदासाठी केमिस्ट्रीची एमएस्सी चालते. आयआयटीत एमएस्सी करायची तर जॅम ही परीक्षा असते, त्यातही बारावीच्या पातळीचं थोडं गणित येतं, तेव्हा वर सांगितलेला अर्धा तास वाया जाणार नाही. आत्ता यातलं काही ठरवू नकोस. हे एक सेमिस्टर पूर्ण कर, राहिलेला विषय काढ, एकही रीडिंग उतरवू नकोस. त्यानंतरही फ्लास्कपाशी उभं राहून मनात काहीच हललं नाही, तर पदवी पूर्ण करून खुशाल दुसरीकडे जा. कुणालाही उत्तर द्यायची गरज नाही, पप्पांनाही नाही. ते बोलत नाहीत याचा अर्थ नाराज आहेत असाच घेऊ नकोस. एकदा बोर्डोचं मिश्रण करताना त्यांच्या शेजारी उभी राहा आणि पात्यावर काय चढतं ते त्यांना समजावून सांग.

आणि एक काम. पुढच्या सोमवारी घरच्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी एका स्वच्छ बाटलीत भरून कॉलेजला ने. नाशिकच्या नळाला मुख्यतः गंगापूर धरणाचं पाणी येतं, तेही एका बाटलीत घे. ईडीटीएचं टायट्रेशन तुमच्याकडे असतंच. सरांना विचारून दोन्ही पाण्यांची कठीणता काढ. नमुना ५० मिली, ईडीटीए ०.०१ मोलर, बफरने पीएच १०, एरिओक्रोम ब्लॅक टी चिमूटभर. द्राक्षाच्या वाईनसारखा लाल रंग जांभळा होत जातो आणि एका थेंबाला स्वच्छ निळा. जांभळ्यावर थांबू नकोस, निळा होईपर्यंत जा. ईडीटीएचा प्रत्येक मिली म्हणजे लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. पिण्याच्या पाण्याला २०० पर्यंत चांगलं मानतात, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. तुमच्या घरी डाळ शिजायला वेळ लागतो का, हंड्याला पांढरा थर बसतो का, ते आईला विचारून ठेव.

मग मला लिही. दोन्ही पाण्यांची तिन्ही रीडिंगं लिही, जुळली नाहीत तरी.